युवा ग्रुप घेऊन श्रीलंकेत मुलांचा कॅम्प करायचाय? मग तयारी अशी करा

मिशन ट्रिप, म्हणजे चर्चतर्फे सेवेसाठी बाहेर जाणं, म्हटलं की युवा ग्रुपच्या मीटिंगमधे पहिला विषय निघतो तिकिटाचा, नाहीतर टी-शर्टचा. त्याच्या आधी एक काम करा, तिथल्या फादरना किंवा सिस्टरना पत्र टाका आणि सरळ विचारा की तुम्हाला आमच्याकडून काय हवंय. भिंती रंगवायला माणसं त्यांना बहुतेक नको असतात, रंगारी तिथेही आहेत आणि त्यांना रोजगार हवाय. सुट्टीत पोरं सांभाळणाऱ्या टीचरना मदतीला माणसं हवी असतील तर तेच करायचं, आपल्याला काय करायला आवडेल ते नंतर.

मी निगोंबो धरून सांगतो, कारण वसईच्या पोरांना ते गाव पटकन कळेल. कोलंबोच्या उत्तरेला, विमानतळाच्या जवळच, मच्छीमारांची वस्ती, किनाऱ्यावर मासळी सुकत घातलेली, जिकडे तिकडे चर्च आणि क्रॉस, पोर्तुगीज काळापासूनची आडनावं परेरा, फर्नांडो, सिल्वा, म्हणजे आपल्या वसईतल्या पाचूबंदर कोळीवाड्याच्या मुलांना परकं वाटणारच नाही. शिवाय गोव्याचे संत जोसेफ वाझ १६८७ मधे श्रीलंकेतच गेले, डचांनी तिथे कॅथलिक धर्मगुरूंवर बंदी घातलेली म्हणून भिकाऱ्याच्या वेषात उतरले, तामिळ आणि सिंहली शिकले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. २०१५ मधे पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोतच त्यांना संत घोषित केलं. ग्रुपला जायच्या आधी त्यांचं चरित्र वाचायला लावाच.

आता तारखा. आपली पोरं मोकळी असतात मे महिन्यात, पण तिथे तेव्हा शाळा चालू असतात आणि पावसाचीही सुरुवात होते. तिकडच्या सुट्ट्या साधारण एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरात, तरी त्या वर्षीचं वेळापत्रक विचारूनच घ्या. एप्रिलमधे १३-१४ च्या आसपास त्यांचं नवीन वर्ष असतं, घरोघरी सण, तेव्हा कॅम्पला कोण येणार. ख्रिसमसला घर सोडायला आपल्याकडे कुणी तयार होत नाही, म्हणून डिसेंबरमधे नाताळाच्या आधी सुट्टी लागते का ते बघा, नाहीतर ऑगस्ट.

कागदपत्रांना वेळ द्या. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, आणि १८ च्या खालच्या मुलांचा पासपोर्ट बहुतेक वेळा पाच वर्षांचाच असतो त्यामुळे हमखास कुणाचा तरी संपत आलेला निघतो. व्हिसा ऑनलाइन मिळतो हे खरं, पण फिरायला जाणं वेगळं आणि मुलांमधे काम करणं वेगळं, तेव्हा यजमान पॅरिशचं, म्हणजे तिथल्या चर्चचं, पत्र घेऊन मुंबईच्या श्रीलंका वकिलातीत विचारा की आम्हाला कुठला व्हिसा लागेल. जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढा. फादरच्या ओळखीतला आहे, लहानपणापासून बघतोय, हे कारण इथे चालवून घेऊ नका.

आणि अनाथाश्रमाच्या भेटीवर मला जरा जास्त बोलायचंय. अनाथाश्रमात दोन दिवस जायचं, मुलांना मांडीवर घ्यायचं, खाऊ वाटायचा, फोटो काढायचे आणि परत यायचं असा प्लॅन कुणी मांडला तर नाही म्हणा. अशा ठिकाणच्या कितीतरी मुलांना आई किंवा वडील असतात, गरिबीपायी तिथे ठेवलेलं असतं, आणि सारखे नवे ताई-दादा येतात, जीव लावतात, निघून जातात, त्याचा त्रास त्या लेकरांनाच होतो. त्यापेक्षा आपल्या घरी राहणारी, संध्याकाळी आईकडे परत जाणारी मुलं कॅम्पला येऊ देत, वर्ग त्यांच्या टीचरनीच घ्यावा आणि आपण हाताखाली राहावं.

कॅम्पवरचे नियम आधीच छापून सगळ्यांच्या सह्या घ्या. एकट्या मुलासोबत एकटा मोठा माणूस कधीच नको, दार उघडं हवं, बाथरूमला नेणं हे तिथल्या टीचरचं काम. मुलांना आपला नंबर द्यायचा नाही, परत येऊ असं वचन द्यायचं नाही. एखाद्या मुलाने घरातलं काही वाईट सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं बोलू नका, शांतपणे ऐकून त्याच दिवशी जबाबदार सिस्टरच्या कानावर घाला, श्रीलंकेत मुलांसाठी १९२९ ही हेल्पलाइनही आहे. मुलांचे चेहरे इन्स्टावर टाकायचे नाहीत. २०१९ च्या ईस्टरला कटुवापिटियाच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमधे स्फोट झाला, ते निगोंबोतच, तेव्हा त्या दिवसाबद्दल मुलांना चुकूनही काही विचारू नका. बौद्ध, हिंदू घरातली मुलंही येतील, प्रार्थना कुठली घ्यायची ते यजमान ठरवतील. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी तर अजिबातच नाही, तिथे तो मोठा अपमान मानतात.

खेळ काय घ्यायचे? लंगडीला भाषा लागत नाही. पण सगळ्यात भारी चालेल ती वारली, आपल्या पालघरचीच. खाकी कागद, पांढरा पोस्टर कलर आणि टोक ठेचलेली बांबूची काडी एवढंच सामान. आधी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढून दाखवा, वर गोल डोकं, मग हातपायाच्या रेषा, झाला माणूस. त्यांना त्यांची होडी, जाळं, नारळाची झाडं काढू द्या, आपली बैलगाडी लादू नका. 'अक्का' 'अय्या' अशा हाका ऐकू आल्या की समजा ताई-दादा म्हणतायत.

पैशाचं म्हणाल तर रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) फुगे म्हणजे पिठाचे तळलेले गोळे आणि इंद्याल म्हणजे मटणाचं झणझणीत कालवण, यांचा स्टॉल लावा, खप होतोच. ज्याला परवडत नाही तो मागे राहता कामा नये, फंड आधी त्याच्यासाठी. मात्र पॅरिश ट्रस्टच्या खात्यातून परदेशात खर्च करायचा असेल तर आधी सीएला विचारा, ट्रस्टची आयकर सवलत मुळात भारतात केलेल्या खर्चासाठी असते.

परत आल्यावर रुपया न् रुपयाचा हिशोब चर्चच्या नोटीस बोर्डावर लावा, आणि तिथल्या टीचरना विचारा की काय उपयोगी पडलं, काय नको होतं. त्यांनी पुन्हा बोलावलं तर दुसरा देश शोधत बसू नका, तिथेच जा, आणि डिसेंबरचं ठरलं तर पासपोर्टची कामं जूनमधेच काढा.