कीबोर्ड कुठपर्यंत चालतो?

२०१७ चा पावसाळा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून नवाकोरा असेंबल पीसी आला. त्यात विंडोज १० होतं. कास्टिंगची मापं घेणारं एक जुनं यंत्र त्यांच्याकडे होतं आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोज ७ शिवाय चालत नव्हतं. १० ला धक्का न लावता दुसऱ्या एसएसडीवर ७ टाकून द्यायचं होतं. दुपारपर्यंत देतो, असं मी सांगून बसलो.

पहिल्या डिस्कची सॅटा केबल काढून ठेवली, म्हणजे चुकूनही १० ला हात लागणार नाही. ही सवय तुम्हीही लावून घ्या. पेनड्राइव्ह बूटेबल केला, म्हणजे मशीन त्यावरूनच सुरू होईल असा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताच चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममध्ये) जाऊन बूटचा क्रम बदलला, सेव्ह केलं. विंडोजचा चौरंगी लोगो आला, भाषा निवडायचा चौकोन आला आणि तिथे सगळं थांबलं. माऊसचा लाल दिवा पेटलेला, पण बाण जागचा हलेना. टॅब दाबला, एंटर दाबला, काही नाही. सगळी सॉकेटं बदलून पाहिली, दुसरा कीबोर्ड लावला, दुसरा पेनड्राइव्ह केला, दुसरी आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलच्या डिस्कची फाइल, आणली. यात दोन तास गेले.

दुकानाचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, जेवून आले आणि त्यांनी एकच विचारलं, "अरे, कीबोर्ड चालतो कुठपर्यंत ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. बायोसमध्ये मी त्याच कीबोर्डने क्रम बदलला होता, म्हणजे तो चांगला होता. "प्रेस एनी की" आलं तेव्हाही त्याने ऐकलं होतं. इन्स्टॉलर सुरू झाला त्या क्षणापासून नमलॉक दाबला तरी दिवा बदलत नव्हता. काका म्हणाले, "मग कीबोर्डला दोष देऊ नकोस. त्याचं ऐकणारा बदलला."

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आजही सगळ्यात आधी हेच सांगतो. मशीन सुरू झाल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत कीबोर्डचं ऐकणारे तीन वेगळे असतात. आधी बायोस किंवा त्याचा नवा अवतार यूईएफआय, त्याचे स्वतःचे छोटे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणांशी बोलणारे प्रोग्राम, असतात. मग बूट मेनू, तो बहुतेक वेळा बायोसच्याच जिवावर चालतो. मग इन्स्टॉलरचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तो आल्या आल्या बायोसला बाजूला सारतो आणि स्वतःचे ड्रायव्हर घेऊन बसतो. कीबोर्ड कोणाच्या हाती असताना मेला हे कळलं की निम्मं काम झालं. त्यासाठी यंत्र लागत नाही, कॅप्सलॉक पुरतो. दाबल्यावर दिवा लागला-विझला तर पलीकडे कोणीतरी ऐकतंय. माऊसच्या दिव्यावर मात्र विसंबू नका. तो फक्त वीज पोचते आहे एवढंच सांगतो.

आता त्या मशीनचं. विंडोज ७ बाजारात आलं ऑक्टोबर २००९ मध्ये. यूएसबी ३ तेव्हा नुकतं कुठे येत होतं आणि त्याच्या कंट्रोलरचा, म्हणजे एक्सएचसीआयचा, ड्रायव्हर विंडोज ७ च्या डीव्हीडीत नव्हताच. (लिनक्सच्या २.६.३१ कर्नलमध्ये तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला होता. विंडोजमध्ये तो अंगचाच आला तो ८ पासून.) पुढची काही वर्षं कोणाचं अडलं नाही, कारण बोर्डावर यूएसबी २ चा जुना ईएचसीआय कंट्रोलरही असायचा. निळ्या सॉकेटात कीबोर्ड चालला नाही तर काळ्यात लावायचा आणि पुढे जायचं. २०१५ मध्ये इंटेलने सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत १०० मालिकेचे चिपसेट काढले आणि त्यातून ईएचसीआय काढून टाकला. तेव्हापासून काळं सॉकेटही आतून एक्सएचसीआयलाच जोडलेलं. मी सॉकेटं बदलत बसलो होतो तेव्हा प्रत्यक्षात एकच दार पुन्हा पुन्हा वाजवत होतो. मधे हब लावूनही फरक पडत नाही, कारण तोही शेवटी तिथेच जातो.

काकांनी माळ्यावरच्या खोक्यातून पीएस/२ चा, म्हणजे यूएसबीऐवजी जुन्या गोल पिनचा, कीबोर्ड काढला. बोर्डाच्या मागे गोल सॉकेट असेल तर हा मार्ग अजूनही आहे. जांभळं कीबोर्डचं, हिरवं माऊसचं, अर्धं-अर्धं दोन्ही रंगांचं असेल तर काहीही चालतं. लावण्याआधी मशीन पूर्ण बंद करा, चालू मशीनला पीएस/२ लावायचा नसतो. कीबोर्ड लगेच चालला. एंटर मारला, 'इन्स्टॉल नाऊ' घेतलं आणि पुढचा संदेश आला की सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही. मशीनला सीडी ड्राइव्ह नव्हताच. हा संदेश पुष्कळांना चकवतो. डिस्क खराब, आयएसओ खराब असं वाटत राहतं. दुखणं मात्र तेच होतं. पेनड्राइव्हही यूएसबीलाच होता ना! बायोसने वाचायला सुरुवात करून दिली, इन्स्टॉलरच्या कर्नलने ताबा घेतला आणि आता त्याला स्वतःचाच पेनड्राइव्ह दिसत नव्हता.

मग इन्स्टॉलरच्या पोटात ड्रायव्हर घालायचा. दुकानातल्या विंडोज १० च्या मशीनवर डिझम (DISM) हे विंडोजच्या इन्स्टॉल फायलींत बदल करायचं साधन आयतं असतं. बोर्डच्या कंपनीचा यूएसबी ३ चा विंडोज ७ साठीचा ड्रायव्हर उतरवला, आयएसओमधली बूट.विम फाइल माउंट केली, म्हणजे फोल्डरसारखी उघडली, ड्रायव्हर जोडला, बदल सेव्ह करून अनमाउंट केली. पीएस/२ कीबोर्ड काढून ठेवला, कारण ग्राहकाकडे तो असणार नव्हता. यूएसबी कीबोर्ड चालला, पेनड्राइव्ह दिसला, पार्टिशन पाडलं, फायली कॉपी झाल्या, मशीन रिस्टार्ट झालं. वापरकर्त्याचं नाव विचारणारा चौकोन आला आणि कीबोर्ड पुन्हा मेला.

बूट.विममधला ड्रायव्हर फक्त इन्स्टॉलरच्या कामाचा. डिस्कवर जे विंडोज बसतं ते येतं इन्स्टॉल.विममधून आणि त्यात मी काही घातलंच नव्हतं. दोन्ही फायलींत घालावं लागतं. बूट.विममध्ये दोन इमेज असतात, दोन्हींत घाला. इन्स्टॉल.विममध्ये होम, प्रोफेशनल अशा वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, त्यातली जी बसवणार आहात तिच्यात तर न चुकता. संध्याकाळी सातला मशीन गेलं. जाताना काकांनी फाउंड्रीच्या साहेबांना सांगितलं की ७ ला नेटची केबल लावू नका. आज तर हे आणखी गरजेचं आहे, १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळत नाहीत.

विंडोज ७ आता क्वचित येतं, पण 'कुठपर्यंत चालतो' हा प्रश्न रोज लागतो. लॅपटॉपवर तर जास्तच.

लॅपटॉपवर विंडोज १० किंवा ११ टाकताना टचपॅड मेलेला आणि कीबोर्ड चालू, असं वरचेवर दिसतं. अंगचा कीबोर्ड बहुतेक लॅपटॉपमध्ये अजूनही १९८४ च्या आयबीएम पीसी एटीतल्या ८०४२ कंट्रोलरच्या जुन्या पद्धतीनेच बोलतो, ती सगळ्यांना समजते. टचपॅड मात्र आयटूसी नावाच्या वेगळ्या तारेवर असतो आणि त्या तारेचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे कित्येकदा नसतो. अशा वेळी लॅपटॉप उघडायला घेऊ नका. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, बाणांनी निवड, स्पेसने खूण, एंटरने होकार. ठिपक्यांची चौकट कुठे आहे तिकडे लक्ष ठेवलं की संपूर्ण विंडोज कीबोर्डवर बसतं. नंतर कंपनीचा सीरियल आयओचा ड्रायव्हर टाकला की टचपॅड जागा होतो. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये टचपॅडसाठी 'बेसिक' आणि 'अॅडव्हान्स्ड' असे पर्याय असतात. बेसिक केलं की तो जुन्या पीएस/२ पद्धतीने बोलतो. इन्स्टॉलपुरतं तेवढं पुरतं, दोन बोटांचे इशारे मात्र जाऊ शकतात.

लिनक्स टाकताना उलटंही होतं. २०२२ च्या शेवटी एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा नवा लॅपटॉप आला, विंडोजशेजारी उबुंटू २२.०४ हवं होतं. ग्रबच्या, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या, मेनूत बाण चालत होते, उबुंटू आलं की कीबोर्ड गप्प. टचपॅड मात्र सुरळीत. ही त्या सुमारास आलेल्या बऱ्याच लॅपटॉपांची गोष्ट आहे. बटण दाबल्याची खबर प्रोसेसरला देणारी कीबोर्डची इंटरप्ट लाइन, एक नंबरची, कशी वाचायची हे लॅपटॉपचा फर्मवेअर, म्हणजे बायोस, एक सांगत होता आणि कर्नल जुन्या समजुतीने ते बदलून घेत होता. पुढच्या कर्नलांत एकेका मॉडेलसाठी दुरुस्ती आली. आम्ही यूएसबी कीबोर्ड लावून इन्स्टॉल पूर्ण केलं, नवा कर्नल टाकला आणि अंगचा कीबोर्ड चालू झाला. टचपॅड चालतो पण कीबोर्ड नाही, आणि तोही ग्रबपर्यंत चालतो, एवढ्या दोन गोष्टींवरून रिबन केबल सैल नाही हे नक्की झालं होतं. स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा लागला नाही.

म्हणून लिनक्सचं 'ट्राय' कधी टाळू नका. पेनड्राइव्हवरूनच चालवा, डिस्कला हात लावण्याआधी प्रत्येक बटण, टचपॅड, वायफाय बघून घ्या. काही अडलं तर टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg) ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड चालवा आणि त्यात ८०४२ किंवा आयटूसी जिथे आहे त्या ओळींचा फोनवर फोटो काढा. ग्रबमध्ये ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी एखादा पॅरामीटर जोडता येतो आणि एफ१० दाबून तसंच सुरू करता येतं. तो बदल एकाच वेळेपुरता असतो, त्यामुळे प्रयोग करताना भीती नको.

कीबोर्ड अगदी पहिल्याच पायरीवर मेलेला, म्हणजे एफ२ किंवा डिलीट दाबूनही बायोसच येत नाही, अशा अडचणीत बायोसमधला 'फास्ट बूट' बघा. तो लवकर सुरू होण्यासाठी यूएसबी जागं करायचंच टाळतो. विंडोज चालत असेल तर शिफ्ट धरून रिस्टार्ट करा, ट्रबलशूटमधून यूईएफआय सेटिंग्जमध्ये जाता येतं. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' हे वेगळं, तेही दुसरी सिस्टिम टाकण्याआधी बंद करा. ते चालू असताना शट डाउन केलेलं विंडोज पुरतं बंद झालेलंच नसतं. लिनक्स त्याच्या ड्राइव्हवर लिहू देत नाही आणि काही उपकरणंही अर्धवट झोपेत सापडतात.

बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा काहीही बदलण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की ग्राहकाकडून आधी मिळवून कागदावर लिहून घ्या. ही एक गोष्ट राहिली तर माणसाचा सगळा डेटा कुलपात अडकतो. मी ते होताना पाहिलं आहे आणि त्या ग्राहकाचा चेहरा विसरलेलो नाही.

पिशवीत एक साधा वायरचा यूएसबी कीबोर्ड, एक वायरचा माऊस आणि जमल्यास एक पीएस/२ कीबोर्ड ठेवा. रंगीत दिव्यांचे, जास्तीच्या बटणांचे गेमिंग कीबोर्ड नकोत. डोंगलचा वायरलेस माऊस चालतो, मशीनला तो साधा यूएसबी माऊसच वाटतो. ब्लूटूथचा इन्स्टॉलरमध्ये चालेल असं धरून चालू नका, कारण त्याची जोडणी त्या त्या सिस्टिमच्या आत असते.

ब्लूटूथचं दुखणं दुसऱ्या दिवशीही डोकं वर काढतं. "काल तुम्ही लिनक्स टाकलंत आणि आज विंडोजमध्ये माझा माऊसच बंद," असा फोन येतो. ग्राहकाला वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. होतं असं, की दोन्ही सिस्टिम एकाच ब्लूटूथ चिपवरून बोलतात, म्हणून माऊसला तो एकच लॅपटॉप दिसतो. लिनक्समध्ये पेअर केलं की नवी गुप्त की ठरते आणि माऊस तीच लक्षात ठेवतो. विंडोजकडे जुनीच राहते. विंडोजमध्ये परत पेअर केलं की लिनक्समधलं तुटतं. विंडोजमधली की काढून लिनक्सच्या ब्लूटूथच्या फाइलमध्ये लिहिली की दोन्हीकडे चालतं, पण ते निवांत वेळेचं काम आहे. मशीन हातात देतानाच मी हे समजावून सांगतो आणि दोन्ही सिस्टिम रोज लागणार असतील तर डोंगलचा माऊस घ्यायला सांगतो.