मेटलचे शेअर पडलेत, ठेवायचे का विकायचे?
आपल्याकडं उन्हाळ कांदा चाळीत ठेवायचा का सरळ लासलगावला न्यायचा हे ठरवतात ना, अगदी तसंच बघा हे. कांदा नीट सुकलेला असेल आणि सोसायटीच्या पीककर्जाचा हप्ता डोक्यावर नसेल तर माणूस थांबतो, नाहीतर मिळेल त्या भावात द्यावा लागतो. स्टील, अॅल्युमिनियम, तांबं करणाऱ्या कंपन्यांचंही तेच, भाव त्यांच्या हातात नसतो, म्हणून आधी कर्ज बघा. ऑपरेटिंग नफ्यातून, म्हणजे व्याज आणि कर द्यायच्या आधीच्या धंद्यातल्या नफ्यातून, व्याज किती पट निघतंय ते मांडा, जेमतेम सुटत असेल तर मी तरी थांबत नाही, विकून मोकळा होतो.

आणि पीई (शेअरचा भाव एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) बघून फसू नका प्लीज! तेजीच्या टोकाला नफा फुगलेला असतो म्हणून पीई 5-6 दिसतो आणि आपल्याला वाटतं शेअर स्वस्त आहे, मंदीत नफा आटला की तोच पीई एकदम वाढतो, शेअर महाग दिसायला लागतो आणि लोक नेमके तेव्हाच विकतात. त्यापेक्षा मागच्या सात-आठ वर्षांचा सरासरी नफा काढून त्यावर भाव तपासा.

पडझड कशानं झाली तेही बघा. मे 2022 ला सरकारनं स्टीलवर 15 टक्के निर्यात शुल्क लावलं, शेअर धाडकन पडले, नोव्हेंबरला शुल्क काढलं, म्हणजे पडझडीचं ते कारण सहा महिन्यांत गेलं. कांद्यावर 2023 ला 40 टक्के लावलेलं आठवतंय ना, तसंच. पण जगातली मागणीच बसली असेल तर दोन-तीन वर्षं पण जातात, तेव्हा पोरांच्या फीचे पैसे त्यात असतील तर तेवढे आजच काढून घ्या.