जुना कॉम्प्युटर रीसायकलिंगला देताय? आधी या चुका टाळा

जुने कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि फोन गोळा करून रीसायकलरकडे पोचवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात.

पहिली चूक: "फॉरमॅट मारलाय, आता त्यात काही नाही." क्विक फॉरमॅटने फक्त फाइलींची यादी पुसली जाते. त्यांच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फाइली डिस्कवर तशाच असतात. एका गृहस्थांनी असाच 'कोरा' डेस्कटॉप आणून दिला होता. त्यांच्यासमोरच मी हार्ड डिस्क माझ्या मशीनला जोडली आणि फुकट मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. थोड्या वेळात पगाराच्या स्लिपा, पासपोर्टचा स्कॅन, मुलीच्या वाढदिवसाचे फोटो असं एकेक वर यायला लागलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "याआधीचे दोन तर मी असेच देऊन टाकले."

तेव्हापासून आलेली प्रत्येक हार्ड डिस्क मी अख्खी शून्यांनी भरून काढतो. रात्रभर लागली तरी चालेल. एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कला, एवढं पुरत नाही. कुठला डेटा चिपच्या कुठल्या कप्प्यात ठेवायचा हे तिच्यातला कंट्रोलर, म्हणजे तिचं काम चालवणारी चिप, ठरवतो, त्यामुळे जुनं काहीतरी मागे राहू शकतं. तिथे सिक्युअर इरेज, म्हणजे सगळं पुसायची एसएसडीची स्वतःचीच सोय, वापरायची. हार्ड डिस्क चालूच होत नसेल तर तबकड्यांना ड्रिलने भोकं पाडतो, पण डोळ्यांवर चष्मा लावून. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा काचेची असते आणि फुटली की तिचे कण उडतात. घरातलं लोहचुंबक फिरवून काहीही होत नाही.

दुसरी चूक फुगलेल्या बॅटरीची. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल तर आधी बॅटरीवर संशय घ्या. मदतीला आलेल्या एका मुलाला घाई होती. चिकटवलेली बॅटरी त्याने स्क्रू ड्रायव्हरने उचकटली. टोक आत घुसलं, फस्स आवाज झाला, गोडसर उग्र वास आला आणि टेबलावर धूर. शेजारी वाळूची बादली होती म्हणून निभावलं. अशी बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका. मी ती पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवतो आणि वेगळी देतो. चांगल्या बॅटरीच्याही टोकांना चिकटपट्टी लावतो. बाकी भंगारात टाकलेली बॅटरी चिरडली गेली, तर अख्खा ढीग पेटू शकतो.

तांब्यासाठी वायरी जाळू नका. त्यांच्यावरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या धुरात डायॉक्सिन नावाचं विष असतं.

व्हिडिओ बघून ॲसिडमध्ये सर्किट बोर्डांतलं सोनं काढायला बसणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. हाती येतं कणभर, आणि विषारी पाणी कुठे ओतायचं याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

जुना, जाड काचेचा मॉनिटर उघडू नका. काचेत शिसं असतं आणि बंद केल्यावरही आत जबर व्होल्टेज राहू शकतं. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्येही, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागातही, ते तसंच राहू शकतं.

चालणारी रॅम, म्हणजे मशीनमधली मेमरीची पट्टी, वितळवायला का देता? कुणाच्या तरी मशीनला ती लागते. फक्त पट्टीवरची खाच बघा, डीडीआर३ या जुन्या पिढीची रॅम डीडीआर४ या नंतरच्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

आणि फोन देताना आधी सेटिंगमधून अकाउंट काढा. बटणं दाबून रिकव्हरी मोडमधून रीसेट केलेला फोन पुन्हा जुन्याच अकाउंटचा पासवर्ड मागतो. असे धडधाकट फोन केवळ त्यापायी तुकडे करायच्या पेटीत टाकावे लागतात, आणि मला ते दर वेळी खुपतं.