एसएसएच वापरताय? मग या चुका टाळा

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले आणि त्यानंतर टाटू युलोनेन यांनी एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षित लॉगिन करण्याचं साधन) लिहिलं. त्याआधीच्या टेलनेटवर पासवर्ड वाटेत कुणालाही वाचता यायचा, एसएसएचवर सगळंच एन्क्रिप्ट होऊन जातं. तरीही अंधेरीच्या ऑफिसात बसून दूरचा सर्व्हर चालवणारे त्याच त्याच गोष्टींत अडकतात.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे पहिल्यांदा जोडताना येणारा 'पुढे जायचं का' हा प्रश्न न वाचता 'येस' टाइप करणं. तेव्हा दिसणारा फिंगरप्रिंट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून आधीच मागून घ्या आणि ताडून बघा. पुढे कधी 'होस्टची ओळख बदलली आहे' असा इशारा आला, की लोक नेटवरून कमांड शोधून जुनी नोंद उडवतात आणि मोकळे होतात. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल झाला असेल तर ठीक. पण दादरच्या कॅफेतल्या वाय-फायवर इशारा येतो आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येत नाही, तर ते वाय-फाय ताबडतोब सोडा, मध्ये कुणीतरी सर्व्हरचं सोंग घेऊन बसलेलं असू शकतं.

पासवर्डऐवजी की वापरूनही लॉगिन होतं. की म्हणजे दोन फाइलींची जोडी, प्रायव्हेट स्वतःजवळ ठेवायची आणि पब्लिक सर्व्हरवर. ती प्रायव्हेट की व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्यांना काय म्हणावं! द्यायची असते ती 'डॉट पब'वाली, म्हणजे पब्लिक फाइल. प्रत्येकाची की वेगळी ठेवा, म्हणजे कुणी नोकरी सोडली की सर्व्हरवरच्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलमधली त्याची एक ओळ काढली, काम झालं. प्रायव्हेट कीला पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, हवाच.

की बरोबर असूनही पासवर्ड विचारतोय? बहुतेक वेळा परमिशनची, म्हणजे फाइल कुणाला वाचता-लिहिता येते याची, भानगड असते. सर्व्हरवरच्या 'डॉट एसएसएच' फोल्डरला ७०० (सगळे हक्क फक्त मालकाला), 'ऑथराइज्ड कीज'ला ६०० (फक्त मालकाने वाचायचं-लिहायचं), आणि होम फोल्डरमध्ये इतरांना लिहिण्याची मुभा नको. तुमच्या स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नाही, खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडतं.

एसएसएचचा नेहमीचा पोर्ट २२ बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, एवढंच.

पासवर्ड लॉगिन बंद करताना मात्र घाई नको. आधी कीने लॉगिन होतंय ना, ते बघा. चालू विंडो तशीच ठेवा, 'एसएसएचडी'ला (सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएच प्रोग्रामला) छोटा टी (-t) लावून कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, तपासा, मग रीलोड करा आणि दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून बघा. बदल करूनही पासवर्ड चालतोच आहे? उबुंटूवर वेगळ्या फोल्डरमधली क्लाउड-इनिटची (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग करणाऱ्या प्रोग्रामची) फाइल आधी वाचली जाते आणि पहिली किंमतच लागू होते. 'एसएसएचडी'ला मोठा टी (-T) लावला की प्रत्यक्षात काय लागू आहे ते दिसतं.