अमेरिकी प्रायमरीचे निकाल वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरात होते. पक्षाचा उमेदवार ठरवण्याची झटापट, म्हणजे राज्याराज्यांतली प्रायमरी (पक्षांतर्गत मतदान), जानेवारीतच सुरू झालेली असते. आपल्याकडे तिकीट वरून येतं, तिकडे मतदार देतात, इतकं ढोबळपणे आपण धरून चालतो आणि मग 'अमक्यानं राज्य जिंकलं' एवढ्यावर बातमी संपते. उमेदवार निवडतात ते पक्षाच्या अधिवेशनातले डेलिगेट, म्हणजे राज्यांचे प्रतिनिधी. मतांचे डेलिगेट कसे होतात याचे नियम पक्ष आदल्या वर्षीच ठरवून ठेवतो आणि बहुतेक वाद त्या नियमांतूनच निघतात.

राज्य जिंकलं म्हणजे आघाडी मिळाली, असं धरणं

सगळ्यात मोठी चूक हीच. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात आणि त्यांतले बरेचसे राज्यपातळीवर नव्हे, तर काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) मतदारसंघांनुसार. समजा, एका मतदारसंघाला ६ डेलिगेट आहेत आणि दोघांना ५८ आणि ४२ टक्के मतं पडली. ६ चे ५८ टक्के ३.४८, ४२ टक्के २.५२. पूर्णांक ३ आणि २; उरलेला एक डेलिगेट ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला. निकाल ३–३. सोळा टक्क्यांची आघाडी, फायदा शून्य. शेजारच्या मतदारसंघात ५ डेलिगेट असतील, तर ५१–४९ मतांवरही ३–२ होतात. म्हणून मुरलेले प्रचारप्रमुख आधी विषम संख्येचे मतदारसंघ शोधतात.

२००८ मध्ये ओबामांच्या चमूनं हेच केलं. नेवाडात हिलरी क्लिंटन साधारण ५१–४५ अशा पुढे होत्या, तरी डेलिगेट ओबामांना १३ आणि क्लिंटनना १२. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला न्यू जर्सीत अकरा लाखांवर लोकांनी मत दिलं. क्लिंटन जिंकल्या, डेलिगेट ५९–४८, म्हणजे ११ ची आघाडी. आयडाहोच्या कॉकसला (कौल देण्यासाठी पक्षानं भरवलेल्या बैठकांना) जेमतेम २१ हजार लोक आले. ओबामांना १५, क्लिंटनना ३, आघाडी १२. टीव्हीवर मात्र रात्रभर न्यू जर्सीच गाजत होतं.

आकडा वाचताना आणखी एक अट लक्षात ठेवा: डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांखाली मतं असतील तर डेलिगेट मिळत नाही. ही चाळणी राज्याला वेगळी लागते, मतदारसंघाला वेगळी. १४ टक्केवाले तिघं असले, तर त्यांचा वाटा वरच्यांना जातो.

दोन्ही पक्षांना एकच गणित लावणं

रिपब्लिकन पक्ष राज्यांना बरीच मोकळीक देतो. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना सुमारे साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि सगळेच्या सगळे ५० डेलिगेट मिळाले. फ्लोरिडात ९९, तेही एकगठ्ठा. त्याच वर्षी कोलोराडोत पक्षानं मतदारांचा थेट कौल घेतलाच नाही. डेलिगेट स्थानिक मेळाव्यांतून निवडले गेले आणि तिथं संघटना बांधून बसलेल्या टेड क्रूझ यांनी बाजी मारली. ट्रम्प यांनी 'लबाडी' म्हणून आरडाओरड केली. पण नियम महिनोन्‌महिने आधी जाहीर होता. हरणाऱ्यानं नियम उशिरा वाचणं हा या वादांतला कायमचा प्रकार आहे.

कॉकसच्या रात्रीचा आकडा पक्का मानणं

कॉकस सरकारी निवडणूक यंत्रणा घेत नाही, पक्षाचे स्वयंसेवक घेतात: शाळेच्या जिममध्ये, चर्चच्या सभागृहात. चुका होतातच. ३ जानेवारी २०१२ ला आयोवात रिपब्लिकनांनी मिट रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचं सांगितलं. दोन आठवड्यांनी पडताळलेला आकडा आला: रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे, आणि आठ केंद्रांचे निकाल सापडलेच नाहीत. तोवर न्यू हॅम्पशायरही उरकलं होतं, सँटोरम यांच्या विजयाची हवा निघून गेली होती. गंमत म्हणजे त्या कॉकसचा कौल कुणालाच बांधील नसल्यानं अधिवेशनात आयोवाचे बहुतेक डेलिगेट रॉन पॉल यांचे निघाले.

२०२० मध्ये आयोवातच डेमोक्रॅटिक पक्षाचं निकाल कळवायचं ॲप कोलमडलं, फोनलाइनही तुंबल्या. शिवाय त्या वर्षी पहिल्यांदाच तीन वेगवेगळे आकडे जाहीर झाले: पहिल्या फेरीची मतं, फेरजुळणीनंतरची (कमी मतं पडलेल्यांचे समर्थक दुसऱ्यांकडे वळल्यावरची) मतं आणि राज्य डेलिगेटांचा हिशेब. पहिल्या दोन्हींत बर्नी सँडर्स पुढे, तिसऱ्यात पीट बुटिजिज किंचित पुढे. असोसिएटेड प्रेसनं विजेता घोषित करायलाच नकार दिला. बातमीत 'आयोवा जिंकलं' असं दिसलं, की कोणत्या आकड्यावर, हे आधी पाहा.

शिक्षा झालेल्या राज्यांची मतं बेरजेत धरणं

ठरलेल्या तारखेआधी मतदान घेणाऱ्या राज्याचे डेलिगेट पक्ष कापू शकतो. २००८ मध्ये मिशिगन आणि फ्लोरिडानं घाई केली, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षानं त्यांचे सगळे डेलिगेट रद्द केले. ओबामांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नाव काढून घेतलं. क्लिंटन यांनी ठेवलं. पुढे 'एकूण मतं मलाच जास्त' हा त्यांचा दावा मिशिगनमध्ये ओबामांना शून्य धरूनच उभा राहत होता. ३१ मे रोजी नियम समितीनं तोडगा काढला: मिशिगनचे डेलिगेट ६९–५९, प्रत्येकाला अर्धं मत. मतपत्रिकेवर नसलेल्या माणसाला ५९ डेलिगेट! क्लिंटन समर्थक भडकले, ऑगस्टमध्ये अधिवेशनाआधी सगळ्यांना पूर्ण मत परत मिळालं.

२०२४ मध्ये तोच खेळ न्यू हॅम्पशायरमध्ये झाला. पक्षानं साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला, न्यू हॅम्पशायर ऐकेना. बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, तरी लोकांनी ते हातानं लिहून त्यांना जिंकवलं. रिपब्लिकनांकडे नेवाडात तर दोन-दोन निवडणुका: ६ फेब्रुवारीला सरकारी प्रायमरी, ८ तारखेला पक्षाचं कॉकस. ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली प्रायमरीत उभ्या होत्या आणि 'यांपैकी कुणीही नाही' या पर्यायानं त्यांना हरवलं. सगळे डेलिगेट कॉकसमधून ट्रम्प यांना मिळाले.

म्हणून अशा राज्याचा निकाल आला, की तीन गोष्टी तपासा: पक्षानं तारीख मान्य केली होती का, कोण मतपत्रिकेवर नव्हतं, डेलिगेट किती.

सुपरडेलिगेट आणि पक्षपात यांची सरमिसळ

२०१६ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स यांनी ६० टक्के मतं घेतली, बांधील (मतदारांच्या कौलानं ठरलेले) डेलिगेट १५–९. वाहिन्यांनी त्यात क्लिंटन यांना पाठिंबा जाहीर केलेले सुपरडेलिगेट (पक्षाचे खासदार, पदाधिकारी असे कुणालाही मत द्यायला मोकळे डेलिगेट) मिसळून बरोबरी दाखवली. लोकांचा संताप रास्त होता. जुलैत विकिलीक्सनं पक्षाच्या ईमेल उघड केल्या. तटस्थ राहायला बांधील असलेल्या कार्यालयातली सँडर्सविरोधी भाषा बाहेर आली आणि अधिवेशनाच्या तोंडावर पक्षाध्यक्षा डेबी वासरमन शुल्ट्झ यांना पायउतार व्हावं लागलं. पण क्लिंटन बांधील डेलिगेटांतही साडेतीनशेहून अधिकनं पुढे होत्या. पक्षपात झाला हे एक विधान, निकाल त्यामुळं फिरला हे दुसरं. दुसऱ्याला वेगळा पुरावा लागतो.

२०१८ मध्ये नियम बदलला. चुरस असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना मत नाही. बेळगावात वाढलेले मिशिगनचे खासदार श्री ठाणेदार पक्षाचे खासदार म्हणून याच गटात मोडतात, तेव्हा त्यांच्या पाठिंब्याची मराठी बातमी वाचताना हे ध्यानात ठेवा.

'मोहीम थांबवली' म्हणजे सगळं संपलं

थांबवलेल्या उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर राहू शकतं, मतंही पडतात. हेली मार्च २०२४ मध्ये बाहेर पडल्या. मे महिन्यात इंडियानात त्यांना २० टक्क्यांवर मतं होती. आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियमांनी डेलिगेट उमेदवाराशी जखडलेले नसतात. मतदारांच्या भावनेला सद्‌सद्विवेकानं जागावं, इतकीच नियमाची अपेक्षा. २१ जुलैला बायडन हटले, तेव्हा त्यांचे सुमारे ३,९०० डेलिगेट मोकळे झाले. उमेदवारीसाठी किमान ३०० डेलिगेटांच्या सह्या हव्या होत्या. त्या फक्त कमला हॅरिस यांनी जमवल्या आणि ५ ऑगस्टला ऑनलाइन मतदान संपलं.

पक्षनोंदणी शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

हे तिकडे नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींसाठी. ग्रीन कार्डवर मत नाही. न्यूयॉर्कमध्ये पक्षात नोंद असेल तरच प्रायमरीत मत. २०१६ मध्ये पक्ष बदलण्याची मुदत मतदानाआधी सहा महिने संपली होती आणि खुद्द ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांना वडिलांना मत देता आलं नाही. आता ती मुदत १४ फेब्रुवारी आहे. न्यू जर्सीत कोणत्याच पक्षात नोंद नसेल तर केंद्रावर त्या दिवशी पक्ष सांगता येतो. पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल, तर ५५ दिवस आधी अर्ज हवा.

कॅलिफोर्नियात 'स्वतंत्र' राहायचं म्हणून लोक 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी'वर खूण करतात. तो एक कट्टर उजवा पक्ष आहे. खूण 'नो पार्टी प्रेफरन्स'वर करायची, आणि टपालानं मतपत्रिका येत असेल तर डेमोक्रॅटिक मतपत्रिका वेगळी मागून घ्यायची. न मागितल्यास येणाऱ्या कागदावर अध्यक्षपदाचा रकानाच नसतो.