गेटवेवर कानावर पडणाऱ्या गैरसमजांना उत्तर कसे द्यावे

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापाशी उभे राहिल्यावर ‘अमर जवान ज्योत कुठे आहे?’ हा प्रश्न कानावर पडला, तर हसू आले तरी ते आवरावे आणि विचारणाऱ्याला आधी दोन वास्तू वेगळ्या करून द्याव्यात. दिल्लीचे इंडिया गेट हे पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचे स्मारक असून तेथील ज्योत 2022 मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली, एवढे सांगितले तरी पुरते.

‘राजा याच कमानीतून आला’ असे एखादे आजोबा नातवाला सांगत असतील, तर मात्र नातवासमोर त्यांचा शब्द खोडू नये. पंचम जॉर्ज 1911 मध्ये उतरले ते याच धक्क्यावर, पण दगडी कमान 1924 मध्ये खुली झाली, अशी त्यांच्याच गोष्टीला जोड द्यावी. शेजारचे ताज हॉटेल 1903 चे, म्हणजे कमानीहून जुने आहे, हे ऐकून मुले हमखास चकित होतात.

‘एलिफंटाला हत्ती दिसतील का?’ या प्रश्नाला नुसते ‘नाही’ म्हणू नये. ज्या दगडी हत्तीवरून बेटाला हे नाव मिळाले, तो आता भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, हेही सांगावे.