स्पेशल मूल वयात आलं की त्याची तपासणी कशी करून घ्यायची

ऑटिझम, डाउन सिंड्रोम किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल तेरा-चौदाचं झालं आणि अचानक चिडचिड वाढली, स्वतःला मारायला लागलं, जेवेनासं झालं की सगळे एकच सांगतात, वयात येतंय, असंच होणार. कृपया एवढ्यावर गप्प बसू नका आणि शांत करायची गोळी वाढवायच्या आधी दात, कान आणि पोट तपासून घ्या. ज्याला बोलून सांगता येत नाही तो मुलगा गालावर बुक्क्या मारतो तेव्हा दाढ किडलेली असू शकते. संडासला कडक होत असेल तरी मुलं बेचैन होतात. मुलींच्या बाबतीत कॅलेंडरवर पाळीची तारीख आणि रडारडीचे दिवस दोन्ही लिहा, दोन-तीन महिन्यांत डॉक्टरांना दाखवण्यासारखं काहीतरी हातात येतं.

डाउन सिंड्रोम असेल तर लक्षणं नसली तरी थायरॉइडची टीएसएच ही रक्ताची टेस्ट दरवर्षी करा, ऐकू नीट येतंय का तेही बघा, डोळे आणि वजनाकडेही लक्ष असू द्या. मान दुखणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं असं नव्यानं सुरू झालं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

जवळचा एकच फॅमिली डॉक्टर धरा, दर वेळी नवीन नको. फोन करून पहिला नंबर मागा, गर्दीत तासभर बसलं की मूल तपासूच देत नाही. एका कागदावर औषधं आणि त्यांचे डोस, फिट शेवटची कधी आली, त्याला कशाची भीती वाटते आणि दुखलं की तो काय करतो हे लिहून न्या. बीपीचा पट्टा दंडाला बांधायची घरी सवय करा. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आधी त्याच्याशीच बोला, हात लावायच्या आधी त्याला विचारा, कारण आपल्या शरीराला कोण हात लावतंय हे त्याला कळायलाच हवं, या वयात तर जास्तच.

१० आणि १६ व्या वर्षीचं टीडी (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन राहिलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा उपचारांचा खर्च मिळतो, त्यात ओपीडी पण येते. १८ पूर्ण झाल्यावर कायद्यानं मूल सज्ञान होतं, त्यामुळे ज्याला स्वतःचे निर्णय घेणं खरंच जमत नाही त्याच्यासाठी पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे करावा लागतो, त्याची चौकशी सतराव्या वर्षातच सुरू करा.